एका प्याल्यावरून : दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद आणि तिथली मंडळी

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची हकिगत बहुतेक ठिकाणी १९४८पासून सुरू होते. त्या वर्षी नॅशनल पार्टी निवडून आली, डी. एफ. मलान पंतप्रधान झाले आणि दोन-सव्वादोन वर्षांत मिश्रविवाहबंदी, वंशवार लोकसंख्या नोंदणी आणि वस्त्यांची वाटणी करणारे कायदे झाले. मलान राजकारणात येण्यापूर्वी डच रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते, ही गोष्ट जाता जाता सांगितली जाते. खरे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. गोऱ्या-काळ्यांची पंगत आधी देवळात मोडली, कायद्यात नंतर.

या चर्चपुढे हा प्रश्न पहिल्यांदा आला तो १८२९मध्ये, केप प्रांतातल्या सॉमरसेट वेस्ट इथून. बेन्तुरा व्हिसर नावाचा मिश्रवंशीय माणूस तिथल्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचा, रीतसर सभासद झाला होता. भाकरी आणि एकाच प्याल्यातला द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन. ते त्याने गोऱ्यांबरोबरच घ्यावे की त्यांचे झाल्यावर, यावर वाद पेटला. केपच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने, उत्तर दिले ते असे: वर्ण किंवा कूळ न पाहता सर्व सभासदांना प्रभुभोजन एकत्रच द्यावे, हे देवाच्या वचनावर उभे असलेले अढळ तत्त्व आहे, त्यावर चर्चा किंवा मतदान करण्याचे कारणच नाही. याच सुमारास, १८३३ साली, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीही दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना बजावले होते की जातिभेद पाळणे ताबडतोब आणि कायमचे थांबवा. म्हणजे पेच एकट्या आफ्रिकेचा नव्हता आणि त्याचे ख्रिस्ती उत्तर तेव्हाच्या लोकांना ठाऊक नव्हते असेही नाही.

मग १८५७ साल आले. सरहद्दीकडच्या काही गोऱ्या सभासदांना काळ्यांच्या ओठाला लागलेला प्याला नको होता. सिनडने एक ठराव केला. तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याचा पहिला भाग म्हणतो की परधर्मातून आलेल्या सभासदांना आहे त्याच मंडळ्यांमध्ये सामावून घेणे इष्ट आहे आणि शास्त्राला धरूनही आहे. दुसरा भाग म्हणतो की ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ सुवार्तेच्या कामात अडथळा येत असेल, तर त्या सभासदांनी आपले धार्मिक हक्क वेगळ्या इमारतीत उपभोगावेत. दुर्बल कोण, तर गोरे. आणि घराबाहेर कोणी पडायचे, तर काळ्यांनी. शास्त्र काय सांगते याबद्दल ठराव लिहिणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी फक्त सवलत दिली. सवलतीची वहिवाट झाली. १८८१मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले, विसाव्या शतकात काळ्यांसाठी आणखी निघाली, १९६८मध्ये भारतीय वंशाच्या लोकांचेही एक झाले. एकच पंथ आणि विश्वासाची वचनेही तीच, पण चार छपरांखाली.

वहिवाटीला धर्मशास्त्राचा आधार शोधण्याचे काम नंतरचे. १९४४मध्ये ब्लूमफाँटेनच्या परिषदेत बायबलचे आफ्रिकान्समध्ये (डचमधून निघालेल्या तिथल्या गोऱ्यांच्या भाषेत) भाषांतर करणारे कवी आणि प्राध्यापक जे. डी. दु टॉइट यांनी देवाला ‘महान विभाजक’ ठरवले. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव उजेड आणि अंधार वेगळे करतो, जळे दुभागतो. बाबेलच्या बुरुजापाशी तो लोकांची पांगापांग करतो. सबब, देवाने जे वेगळे केले ते माणसाने जोडू नये! ‘देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये’ हे विवाहविधीतले वाक्य इतक्या सफाईने उलटे फिरवलेले क्वचितच आढळेल. प्रेषितांची कृत्ये १७:२६ या वचनाचेही असेच झाले. देवाने एकापासून माणसांची सर्व राष्ट्रे निर्माण केली, हा त्याचा पूर्वार्ध. त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या, हा उत्तरार्ध. व्यासपीठावरून उत्तरार्ध गाजत राहिला.

काळा माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला नाही, असे मात्र या चर्चने अधिकृतपणे कधी म्हटले नाही. समता मान्यच होती, पण ती आत्मिक. ऐक्यही मान्य होते, पण ते अदृश्य. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. उघड नाकारलेल्या समतेशी भांडता येते. स्वर्गात ढकललेल्या समतेला पकडायचे कुठे?

विरोध झाला, आणि ख्रिस्ती लोकांकडूनच झाला. १९५७मध्ये सरकारने गोऱ्या वस्तीतल्या देवळांत काळ्यांना येण्यास मज्जाव करण्याची तरतूद आणली, तेव्हा केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांनी आपण ती पाळणार नाही आणि आपल्या लोकांनाही पाळायला सांगणार नाही, असे पत्र पंतप्रधानांना लिहिले. सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

मार्च १९६०मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे मारली. त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गमधल्या कॉट्स्लो इथे चर्चेस एकत्र बसली आणि वर्णावरून कोणालाही कोणत्याही मंडळीतून वगळता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींनीही मान डोलावली. पंतप्रधान फेरवुर्ट संतापले आणि या चर्चच्या सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडले. त्या प्रतिनिधींपैकी एक, पाळक बायर्स नॉदे, मात्र मागे हटले नाहीत. १९६३च्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या श्रीमंत गोऱ्या मंडळीला ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ या वचनावर उपदेश केला आणि पाळकाचा झगा उतरवला. पुढे १९७७पासून सात वर्षे सरकारने त्यांना बंदीहुकुमाखाली ठेवले.

गाडे फिरले ते पुन्हा प्रभुभोजनाच्या मेजाशीच. ऑगस्ट १९८२मध्ये ओटावात रिफॉर्म्ड चर्चेसचा जागतिक मेळावा भरला होता. मिश्रवंशीयांच्या मिशन चर्चचे पाळक अ‍ॅलन बोसाक आणि काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी तिथले प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. मायदेशी जे लोक आम्हाला एका मेजाशी बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर कॅनडात बसण्याचे नाटक कशाला, असा त्यांचा सवाल होता. मेळाव्याने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले, दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गोऱ्या चर्चेसचे सभासदत्व स्थगित केले आणि बोसाक यांनाच अध्यक्ष निवडले.

त्याच वर्षी मिश्रवंशीयांच्या मिशन चर्चचे सिनड बेलहार इथे भरले. वस्त्यांच्या वाटणीत मिश्रवंशीयांच्या वाट्याला आलेले हे केपटाउनबाहेरचे उपनगर. तिथे लिहिलेला आणि १९८६मध्ये स्वीकारलेला बेलहारचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, जुन्या युक्तिवादाच्या नेमका वर्मी बसतो. मंडळीचे ऐक्य दिसले पाहिजे, जगाला विश्वास बसेल असे दिसले पाहिजे, असे तो सांगतो. आणि देव विशेष करून निराधार, गरीब व अन्यायग्रस्त यांचा देव आहे, असेही म्हणतो.

१४ एप्रिल १९९४ रोजी, सर्व वर्णांना मत असलेल्या देशातल्या पहिल्या निवडणुकीच्या दोन आठवडे आधी, मिश्रवंशीयांचे आणि काळ्यांचे चर्च एकत्र आले. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चने तोवर वर्णभेद पाप असल्याचे कबूल केले होते. तरी ते या ऐक्यात आले नाही. पुढे त्याच्या सर्वसाधारण सिनडने बेलहारला चर्चच्या घटनेत जागा देण्याचे ठरवले, पण प्रादेशिक सिनडांच्या मतदानात त्यासाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत जमले नाही. ज्या तत्त्वावर मतदान करण्याचे कारण नाही असे १८२९च्या सिनडने म्हटले होते, ते असे मतदानात पडले.