मनोविकारशास्त्रातील निवासी डॉक्टरांची प्रशिक्षणस्थळे

वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात विशेष शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर ज्या ठिकाणी प्रत्यक्ष रुग्ण तपासत शिकतात ती ठिकाणे : आंतररुग्ण वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, तातडीचा विभाग, इतर शाखांचे वॉर्ड, मानसोपचाराची खोली, व्यसनमुक्ती केंद्र आणि रुग्णालयाबाहेरची वस्ती. भारतात एमडीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे, अमेरिकेतील रेसिडेन्सी ४ वर्षांची. ब्रिटनमध्ये ३ वर्षांच्या पायाभूत प्रशिक्षणानंतर साधारण ३ वर्षांचे उच्च प्रशिक्षण असते. या काळात पोस्टिंग, म्हणजे ज्या विभागात नेमणूक असते ती जागा, ठरावीक महिन्यांनी बदलत राहते. ब्रिटनच्या पायाभूत टप्प्यात ती बहुधा ६ महिन्यांची असते.

मोडलेले हाड कुठल्याही खोलीत मोडलेलेच दिसते. मनोविकाराचे तसे नाही. मध्यरात्री पोलिसांनी आणलेला, कोणालाही जवळ येऊ न देणारा माणूस आठवड्याभराने वॉर्डात शांतपणे जेवताना दिसतो आणि सहा महिन्यांनी कामावरून सुट्टी काढून एकटाच ओपीडीत येतो. यांपैकी एकच रूप पाहिलेल्या डॉक्टरला तो आजार कळला असे म्हणता येत नाही. म्हणून या शाखेत कोणत्या जागी, किती काळ आणि कोणत्या क्रमाने शिकवले जाते, यालाच फार महत्त्व आहे.

एकोणिसाव्या शतकात हे शिक्षण मुख्यतः शहराबाहेरच्या मोठ्या मनोरुग्णालयांत होत असे. १८६५ मध्ये बर्लिनला आलेल्या व्हिल्हेल्म ग्रीझिंगर यांनी शारिते रुग्णालयात मनोविकार व चेताविकार यांचे अध्यापन एकत्र आणले आणि नव्या, तीव्र अवस्थेतील रुग्णांसाठी शहरातच लहान रुग्णालये हवीत, असा आग्रह धरला. एमिल क्रेपेलिन यांनी हायडेलबर्ग येथे प्रत्येक रुग्णाची माहिती कार्डांवर नोंदवून आजार पुढे कसा वळतो याचा माग ठेवला. १८९९ मध्ये त्यांनी उन्माद-अवसाद (अति उत्साह आणि खोल उदासी यांचा विकार) आणि पुढे स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखला गेलेला विकार यांच्यात जी रेषा आखली, तिचा मोठा आधार ही दीर्घ निरीक्षणेच होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९१३ साली अॅडॉल्फ मायर यांच्या नेतृत्वाखाली फिप्स क्लिनिक सुरू झाले. विद्यापीठाच्या सर्वसाधारण रुग्णालयाला जोडलेले मनोविकार केंद्र हा नमुना त्यानंतर अनेक ठिकाणी उचलला गेला. इटलीत १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालये क्रमाने बंद करण्याचे ठरले. सर्वसाधारण रुग्णालयांत जास्तीत जास्त १५ खाटांचे विभाग राहिले आणि प्रशिक्षणाचा भार वस्तीतल्या केंद्रांकडे सरकला.

बहुतेक निवासी डॉक्टरांची सुरुवात वॉर्डातून होते, आणि ते योग्यच आहे. वॉर्डात रुग्ण दिवसभर डोळ्यांसमोर असतो. त्याची झोप, जेवण, इतरांशी वागणे, औषधाने येणारा ताठरपणा किंवा हातांची थरथर हे सगळे तासातासाने पाहता येते. सविस्तर केस हिस्ट्री घेणे, मनःस्थितीची तपासणी लिहिणे, सक्तीने दाखल करण्याचे कायदेशीर नियम पाळणे, विद्युत-उपचारासाठी (भूल देऊन मेंदूला दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह) रुग्णाची तयारी करणे या गोष्टी इथेच हातात बसतात. रात्रपाळीची परिचारिका जे टिपते ते सकाळच्या राउंडमध्ये सुटून जाते, हेही नवा डॉक्टर इथेच शिकतो.

पण वॉर्ड फसवतोही. तिथे दिसतात ते सर्वांत आजारी असलेले आणि पुन्हापुन्हा दाखल होणारे रुग्ण. बरे होऊन गेलेले परत दिसत नाहीत. पॅट्रिशिया व जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये या दोषाला ‘चिकित्सकाचा भ्रम’ म्हटले : दीर्घकाळ आजारी राहणारे लोक डॉक्टरसमोर जास्त वेळा येतात, म्हणून आजार आहे त्याहून अधिक असाध्य वाटू लागतो. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्याच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या जुन्या रुग्णांचा सरासरी ३२ वर्षे मागोवा घेतलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लोक बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले. फक्त वॉर्डात घडलेला डॉक्टर नातेवाइकांना जे भविष्य सांगतो, ते या कारणाने अनेकदा गरजेपेक्षा काळे असते.

यावरचा उतारा म्हणजे दीर्घकाळ चालणारी ओपीडी. अमेरिकेच्या नियमांत बाह्यरुग्ण विभागाच्या अनुभवासाठी किमान १२ महिने राखलेले असतात ते याचसाठी. एकच रुग्ण वर्षभर एकाच डॉक्टरकडे आला, तर लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी गोळीनंतर १२ तासांनी का मोजायची, स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नेमाने का तपासायच्या, वजन वाढले म्हणून गोळी परस्पर बंद केलेल्याशी कसे बोलायचे, हे पाठ करावे लागत नाही. गर्दीच्या ओपीडीत मात्र प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात आणि ‘तेच औषध चालू’ एवढाच शेरा उरतो. पोस्टिंग बदलली की रुग्णाला नव्या डॉक्टरसमोर आपली सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागते. काहीजण तिथेच उपचार सोडतात. प्रत्येक निवासी डॉक्टरकडे थोडे तरी रुग्ण संपूर्ण प्रशिक्षणभर कायम ठेवणे, हा कोणत्याही केंद्राला जमण्याजोगा आणि सर्वांत उपकारक बदल आहे.

तातडीच्या विभागात थोड्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. आत्महत्येचा धोका किती, घरी सोडावे की नाही, हे तिथे ठरते. त्याआधीचा प्रश्न असतो तो हा गोंधळ मनाचा की शरीराचा. अचानक सुरू झालेली, दिवसात कमीजास्त होणारी असंबद्धता आणि भलतेच दिसणे यामागे जंतुसंसर्ग, साखर उतरणे किंवा दारू सुटल्याचा परिणाम असू शकतो. इतर शाखांच्या वॉर्डांतून येणाऱ्या ‘कॉल’वर जाताना हीच परीक्षा रोज होते. शस्त्रक्रियेनंतर बरळणारा वृद्ध, डायलिसिस नको म्हणणारा रुग्ण, प्रसूतीनंतर झोप उडालेली आई यांच्यासाठी डॉक्टरला आपल्या विभागाबाहेर, दुसऱ्यांच्या भाषेत आणि दुसऱ्यांच्या घाईत काम करावे लागते. अमेरिकेत व इतरत्र अनेक ठिकाणी या कामासाठी स्वतंत्र पोस्टिंग असते.

मानसोपचाराच्या, म्हणजे संवादातून होणाऱ्या उपचाराच्या, खोलीतले शिक्षण संथ असते. डॉक्टर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत एकाच व्यक्तीला आठवड्यामागून आठवडे भेटतात आणि रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण किंवा टिपणे मार्गदर्शकासमोर मांडतात. मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये सामान्य डॉक्टरांसाठी सुरू केलेले चर्चागट ब्रिटनमध्ये मनोविकार प्रशिक्षणाचाही भाग झाले आहेत. त्यात निदानाची चर्चा नसते. या रुग्णाचा मला राग का येतो किंवा कंटाळा का येतो, यावर बोलणे होते.

बाल व किशोर, वृद्ध, व्यसनमुक्ती आणि न्यायवैद्यक विभागांतील पोस्टिंग सहसा लहान असतात. तरी मुलाशी बोलताना शाळा आणि पालक यांच्याशीही बोलावे लागते, आणि दारू सोडणाऱ्या रुग्णाला ग्लुकोजआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचे असते, एवढे तरी तिथून पक्के व्हावे.

घर आणि वस्ती ही जागा अभ्यासक्रमात उशिरा आली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबूंत राहू देऊन उपचारात सामील करून घेतले. रुग्ण घरी परततो तेव्हा त्याची काळजी कोण, किती थकलेल्या अवस्थेत घेते, हे गृहभेटीशिवाय कळत नाही.

या सर्व ठिकाणी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नियमित पर्यवेक्षण. ब्रिटनमध्ये आठवड्याला एक तास स्वतंत्रपणे पर्यवेक्षकासोबत मिळणे अपेक्षित असते. दुसरी सुरक्षितता : रुग्णाची आणि डॉक्टरची बाहेरची वाट अडणार नाही अशी बैठक, मदतीची घंटा आणि हाकेच्या अंतरावर माणूस. उपचाराखालील रुग्णाने आत्महत्या केल्याचा अनुभव कित्येक निवासी डॉक्टरांना प्रशिक्षणातच येतो. त्या दिवशी त्यांच्याशी कोण बोलणार, ड्यूटी कोण उचलणार, कुटुंबाला भेटताना सोबत कोणते ज्येष्ठ डॉक्टर असणार, हे केंद्राने आधीच ठरवून नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगितलेले असावे.