स्टँड की कॉकपिट? आधी ब्रेक दाबून बघा

रेसिंग सिम्युलेटरसाठी, म्हणजे घरी स्क्रीनसमोर व्हील आणि पेडल वापरून रेस खेळायला, स्टँड घ्यावा की कॉकपिट, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पैसे कमी असतील तर स्टँड, जास्त असतील तर कॉकपिट. म्हणजे वस्तू एकच, फक्त एक साधी आणि एक श्रीमंती. हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले आहेत.

व्हील स्टँड तुम्हाला माहीत आहे. घडीची चौकट, वर व्हील, खाली पेडल, बसायला घरातली कुठलीही खुर्ची, आणि खेळून झालं की कपाटामागे. त्यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

कॉकपिट म्हटलं की मात्र डोळ्यांपुढे लाल बकेट सीट (रेसच्या गाडीतली खोलगट सीट), तीन मॉनिटर आणि एलईडीच्या पट्ट्या येतात. काहींना वाटतं, ते खऱ्या गाडीसारखं हलायलाच हवं. यातलं काहीही नसलं तरी कॉकपिट ते कॉकपिटच. घडी होते म्हणजे स्टँड, हाही गैरसमज. प्लेसीट चॅलेंज नावाची सीटसकट चौकट घडी करून ठेवता येते, पण आहे कॉकपिटच. खरा फरक एवढाच, की सीट आणि पेडल एकाच चौकटीला पक्के बांधलेले आहेत की नाहीत.

आता यात एवढं काय, असं वाटत असेल तर जोरात ब्रेक दाबा. पाय पेडलला पुढे रेटतो आणि तेवढ्याच जोराने पाठ सीटला मागे रेटते. कॉकपिटमध्ये हे दोन्ही जोर त्या चौकटीतच जिरतात. स्टँडमध्ये त्यांना जिरायला जागाच नसते, म्हणून खुर्ची मागे जाते आणि स्टँड पुढे सरकतो. मग जुगाड सुरू होतात. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घाला, पाठ भिंतीला टेकवा, खुर्ची आणि स्टँड पट्ट्याने आवळून बांधा. तो पट्टा बांधलात तेव्हा तुम्ही कॉकपिटच बनवायला निघालात, फक्त वाकडा.

लॉजिटेक जी२९ सारख्या साध्या व्हील-पेडल संचाच्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर नावाचा सेन्सर असतो. पेडल किती खाली गेलं, एवढंच तो मोजतो. महागड्या पेडलमधला लोड सेल हा सेन्सर मोजतो तो जोर. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच प्रकार. पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो, म्हणून लोड सेलने ब्रेकिंग सुधारतं. हे सगळं खरं आहे. पण लोक हे ऐकून महागडे लोड सेल पेडल आणतात आणि चाकांच्या ऑफिस खुर्चीसमोर जमिनीवर ठेवतात!

इटलीतल्या मोंझा ट्रॅकची पहिली शिकेन, म्हणजे वेग तोडायला लावणारं उलटसुलट वळण, घ्या. लांबलचक सरळ रस्त्यावरून पूर्ण वेगात येऊन ब्रेकवर जवळजवळ उभं राहायचं, आणि मग वळता वळता तो जोर थोडा थोडा सोडायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात आणि फेरीची वेळ इथेच कमी होते. पहिल्या दाबाला खुर्ची दोन बोटं मागे गेली तर पाय ताणला जातो. ताणलेल्या पायाने दोन-चार किलोंचा हिशेब ठेवून जोर सोडता येत नाही, तो एकदम सुटतो. गाडी सरळ जाते किंवा मागून फिरते, आणि आपण शिव्या घालतो टायरला.

व्हीलच्या न्यूटन-मीटरचं, म्हणजे व्हील हाताला किती जोराने पिळतं त्या आकड्याचं, कौतुक मला म्हणूनच कळत नाही. ८ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (व्हील थेट मोटरवरच बसतं तो), त्यावर २८ सेंटीमीटरचं व्हील: कडेला जोर येतो जेमतेम ६ किलोंचा. कडक ब्रेकवर पाय सहज ३०-४० किलोंनी दाबतो. पैसा मात्र सगळा हाताकडे जातो. माझ्या मते टणक चौकटीवरचं जुनं जी२९ हे टेबलाला चिकटवलेल्या डायरेक्ट ड्राइव्हपेक्षा कधीही बरं. आधी चौकट, मग ब्रेक, व्हील सगळ्यात शेवटी.

पैशांचं म्हणाल तर चौकटीत फसवाफसवी कमी. टणक कॉकपिटची चौकट बनते ती ॲल्युमिनियम प्रोफाइलची, म्हणजे खाचा असलेल्या पट्ट्यांची. हा मुळात कारखान्यांतला माल, मशीनची गार्ड आणि वर्कबेंच त्याचीच बनतात. व्हील बदललं तरी नव्याने भोकं पाडावी लागत नाहीत, खाचेत बसणारा टी-नट सरकवला की झालं. त्यामुळे ही चौकट तीन व्हील पचवते. खरी किंमत जागेची आहे. ५ फूट बाय २ फूट म्हणजे १० चौरस फूट. चौरस फुटाला ८ हजार धरले तरी ८० हजारांची फरशी कायमची अडली. वन बीएचकेत हा हिशेब घरच्यांसमोर मांडू नये. जागाच नसेल तर स्टँड घ्या, पण मग साध्या पेडलवर थांबा आणि चाकं नसलेली खुर्ची वापरा.

बकेट सीटवर पैसे घालवू नका. भंगारवाल्याकडची जुन्या गाडीची सीट चालते, आणि तिच्याखाली पुढे-मागे सरकायची रेल आयतीच येते. फक्त घेण्याआधी सीट दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हिसकून बघा. रेल खटखट वाजत असेल तर दुसरी काढायला सांगा.