पान किती तास ओलं होतं?

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं आणि तेव्हापासून शेतीच्या बातम्यांत ड्रोन, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीच चलती आहे. द्राक्षपट्ट्यातल्या जाहिराती वाचल्या तर वाटावं, आता मोबाईल सांगेल आणि आपण फक्त ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालू करायचा. माझा या सगळ्याला विरोध नाही. पण द्राक्षबागेत लावल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी माझं सगळ्यात आवडतं उपकरण अगदीच बिनडोक आहे. तळहाताएवढी पांढरी पट्टी, वेलीच्या पानोऱ्यात तिरकी बांधलेली. तिला एकच गोष्ट कळते: आपल्या अंगावर पाणी आहे की नाही.

एवढ्याशा माहितीला इतकी किंमत का, हे कळायला डाऊनी समजून घ्यावा लागतो. डाऊनी, म्हणजे केवडा, हा द्राक्षवेलीचा रोग. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराची ऑक्टोबर छाटणीनंतरची झोप उडवणारा हाच. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे कोवळी फूट उलगडू लागल्यापासून, मणी धरेपर्यंत तो घडावर गेला, तर कोणतंही औषध तो घड परत आणत नाही. म्हणून आभाळ आलं की ब्लोअर बाहेर निघतो. या भीतीला कुणी हसू नये. तिच्यामागे कर्ज असतं.

डाऊनीला आपण सर्रास बुरशी म्हणतो, पण वंशावळीने तो बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचा. पाण्याशी असलेलं हे नातं त्याने सोडलेलं नाही. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो, तेव्हा आतमध्ये त्याचे तंतू आधीच पसरलेले असतात. दमट, अंधाऱ्या रात्री, तापमान साधारण १३ अंशांच्या वर असेल तर, पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून बारीक फांद्या बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणूंच्या पिशव्या धरतात. कापसासारखी दिसणारी पांढरी लव ती हीच. पिशवी वाऱ्यावर उडून दुसऱ्या पानावर पडते. तिथे पाणी नसेल तर ती वाळून मरते आणि गोष्ट संपते.

पाणी असेल तर मात्र पुढचा प्रकार बघण्यासारखा असतो. पिशवी फुटते आणि तिच्यातून काही सूक्ष्म पेशी बाहेर पडतात. प्रत्येकीला दोन शेपट्या. या पेशी पोहतात! पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत पोहत त्या रंध्र गाठतात, तिथे शेपट्या टाकून देतात, अंगाभोवती कवच बांधतात आणि रंध्रातून आत एक नळी सोडतात. एकदा नळी आत गेली की बाहेर ऊन पडो की वारा सुटो, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याआधीच्या काही तासांत. पाण्याचा थर त्या वेळात सुकला, तर पोहणारी पेशी वाटेतच संपते. म्हणजे प्रश्न पाऊस किती मिलिमीटर झाला हा नाही, पान सलग किती वेळ ओलं राहिलं हा आहे.

आणि पान ओलं व्हायला पाऊसच लागतो असंही नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. समजा हवा १६ अंश आहे आणि आर्द्रता ९० टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण १४.४ अंश येतो. पान हवेपेक्षा दोन अंशांनी थंड झालं, तर ते १४ वर असेल आणि त्याच्यावर दव धरेल. हवामान केंद्र मात्र प्रामाणिकपणे सांगत राहील: पाऊस शून्य, आर्द्रता ९०. उघड्यावर लावलेली गाडी सकाळी ओलीचिंब आणि पत्र्याखालची कोरडी, त्यातलाच हा प्रकार.

म्हणूनच 'महावेध' या राज्याच्या प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यभर असूनही द्राक्षबागेचा प्रश्न पुरता सुटत नाही. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांसाठी ती उपयोगीच आहेत. पण महसूल मंडळाच्या गावी मोकळ्यावर उभं असलेलं केंद्र तुमच्या बागेतल्या दाट पानोऱ्याबद्दल काय सांगणार? ओढ्याकाठची बाग आणि माळावरची बाग यांच्या सुकण्यात तासा-दोन तासांचा फरक पडू शकतो. डाऊनीला तेवढा पुरतो.

आता ती पट्टी. जुन्या प्रकारात तांब्याच्या, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन फण्या एकमेकींत दात घालून बसवलेल्या असतात, पण एकमेकींना शिवत नाहीत. थेंब पडला की दोन दातांमध्ये पूल होतो आणि विद्युतरोध कोसळतो. नव्या प्रकारात पट्टीभोवतीचा विद्युत अपारकांक मोजतात, म्हणजे विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो हे सांगणारा आकडा. हवेचा अपारकांक जवळपास १, पाण्याचा ८० च्या आसपास. एवढी तफावत असल्यामुळे दवाचा अगदी पातळ थरही पकडला जातो. पट्टीची जाडी आणि रंग असे ठेवतात की ती पानासारखीच तापावी आणि पानासारखीच निवावी. तरी ती नक्कलच. दव जास्त धरतं ते आकाशाकडे तोंड असलेल्या बाजूला आणि द्राक्षाच्या पानाची रंध्रं असतात खालच्या बाजूला, त्यामुळे पट्टीचे ओले तास हा अंदाजच म्हणायचा. पण तो बांधावर उभं राहून केलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा.

या तासांचं पुढे काय करतात? एक जुना, सोपा आडाखा असा: ओलेपणाचे सलग तास गुणिले त्या काळातलं सरासरी तापमान. गुणाकार ५० च्या पुढे गेला तर संसर्गाची शक्यता धरायची. २० अंशांत दोन तास म्हणजे ४०, सुटलात. १८ अंशांत तीन तास म्हणजे ५४, सावध व्हा. आजची प्रारूपं, म्हणजे संसर्गाचा अंदाज बांधणारी गणितं, यात पानाचं वय, आधीच्या रात्रीची आर्द्रता, पिशव्या तयार झाल्या असतील का, असं बरंच काही मिसळतात. जाहिरातीतला 'एआय' बहुतेक वेळा या गुणाकाराचाच शिकलासवरलेला नातू असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला चमत्कार म्हणू नये. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस भरपूर, असं पंचांगात वाचून फवारणीचं वेळापत्रक आखणारे अजूनही भेटतात. 'ॲपने सांगितलं' एवढ्यावरच औषध मारणारा त्यांच्यापेक्षा फार पुढे गेलेला नाही. त्या सल्ल्यामागचे ओले तास त्याने निदान एकदा तरी बघावेत.

फवारणी टळते, हा यातला खरा फायदा. पैसे वाचतात, पण तेवढंच नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले होते. त्याचा डाऊनीशी संबंध नव्हता, पण दाण्यातला अंश किती महागात पडतो हे तेव्हा कळलं. शिवाय एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की डाऊनी सरावतो. स्ट्रोबिल्युरिन गटाला दाद न देणारा डाऊनी आपल्याकडच्या बागांतही सापडला आहे. पान कोरडं होतं हे रात्रीच्या आलेखावर दिसलं, तर त्या सकाळी आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून पसरणाऱ्या, औषधाचा डबा बंद ठेवता येतो. भुरी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगाला मात्र हा हिशेब लावू नका. तिला पानावर पाणी लागतच नाही.

 

पट्टीचं एक दुखणं विक्रेते आपणहून सांगत नाहीत. बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारला की पट्टीवरही बोर्डो बसतो. चुना, गंधक, खतांचे क्षार यांचा थर साचतो, तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि भर दुपारी पट्टी 'ओली' म्हणून सांगते. मग प्रारूप संसर्गाचा इशारा देतं आणि आपण पुन्हा फवारतो. तेव्हा पट्टीचा संच घेताना विचारायचं ते हे: पट्टी पानोऱ्यात नेमकी कुठे बांधणार, खांबाच्या टोकाला की घडाच्या उंचीवर? कोरडी असताना तिचा आकडा किती, आणि तो पुन्हा तपासायला कोण येणार? ओल्या फडक्याने ती दर किती फवारण्यांनंतर पुसायची? आणि मागच्या हंगामाचे तासातासाचे आकडे मला माझ्या हातात मिळतील का, की फक्त लाल-हिरवा दिवा?