नाव ज्वराचं, अंग मात्र गार

तिसऱ्या वेताची संकरित गाय संध्याकाळी व्यायली. कालवड झाली, वारही वेळेवर पडली. पहाटे गोठ्यात पाहावं तर गाय बसलेली, मान वळवून पोटाला लावलेली. शेपटी पिळली तरी उठेना. उदगीर-औशाकडची जाणती माणसं आधी कान चाचपतात. कान गार, नाकपुडी कोरडी, म्हणजे कॅल्शियम उतरलं. पुस्तकं याला दुग्धज्वर म्हणतात, पण इथे ताप चढत नाही, उलट अंग थंड पडतं.

हिशेब साधा आहे. गाईच्या सगळ्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं आणि एका लिटर चिकात 2 ग्रॅमच्या वर. पाच-सहा लिटर चीक काढला की रक्तातल्या साठ्याच्या तीन-चार पट कॅल्शियम बादलीत! हाडांत ते किलोंनी पडून असतं, पण कुलपात. गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा रस ते कुलूप उघडतो, ड जीवनसत्त्वाला जागं करून आतड्यालाही कामाला लावतो. मात्र सगळं सुरळीत व्हायला एक-दोन दिवस जातात. तोवर 100 मिली रक्तात 9-10 मिलिग्रॅम असायचं ते 5 च्या आसपास आलं की स्नायू ढिले पडतात. पाय उचलत नाहीत, रवंथ थांबतो, पोट फुगतं. सडांची तोंडं नीट मिटत नाहीत, म्हणून मागाहून दगडी, म्हणजे कासेची सूजही होते.

आता खटकणारी गोष्ट. गाय शेवटच्या महिन्यात आली की आपण मायेनं कॅल्शियमच्या बाटल्या पाजतो, वर लसूणघास. आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी सुस्तावतात आणि ऐन वेळी कुलूप उघडत नाही. बाटली व्यायल्यावर द्यायची, आधी नव्हे. व्यायल्यावर नुसत्या उसाच्या वाढ्यांवरही ठेवू नये. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. देवणी किंवा लाल कंधारी ही देशी गाय अशी क्वचितच बसते, कारण तिची कासच तेवढं मागत नाही.

1897 साली डेन्मार्कच्या श्मिट या पशुवैद्यानं कासेत औषध सोडून अशा गाई उठवल्या. पुढे कळलं, नुसती हवा भरली तरी चालतं. कास फुगली की दूध बनणं थांबतं, गळती थांबते! रक्तातलं कॅल्शियम घटतं हे उमगायला मात्र 1925 उजाडलं.

आज डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची कोमट बाटली शिरेतून सोडतात, थेंबाथेंबानं, एक कान हृदयाच्या ठोक्यांकडे ठेवून. घाई केली तर हृदय बंद पडतं, म्हणून हे काम घरी करायचं नाही. बाटली अर्धी होते तोच अंगाला थरथर सुटते, ढेकर येतो, गाय शेण टाकते. मग मागचे पाय सावरत उभी राहते. पुढचे दोन दिवस कास पूर्ण पिळू नका. खरवसाची वाटी थोडी लहान होईल, एवढंच.