संशोधनपत्रिका : संपादकीय गुणवत्ता आणि प्रतिष्ठा

नव्या संशोधनाचे निबंध त्या विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करणारे नियतकालिक म्हणजे संशोधनपत्रिका. विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत तिला सरसकट ‘जर्नल’च म्हणतात. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या मासिकापेक्षा तिचे काम वेगळे असते. तिचा वाचक स्वतः संशोधक असतो आणि तिच्यात आलेल्या निष्कर्षावर तो आपले पुढचे काम उभे करतो. डॉक्टर असेल तर त्यावरून रुग्णाचे औषध ठरवतो. त्यामुळे इथली चूक एका अंकापुरती राहत नाही. पत्रिकेची प्रतिष्ठा तिने काय छापले यावर जितकी ठरते, तितकीच तिने काय नाकारले आणि छापल्यावर चूक कळली तेव्हा काय केले यावरही ठरते. ही दोन्ही कामे वाचकाला सहसा दिसत नाहीत, आणि प्रतिष्ठा मोजण्याचे रूढ आकडे तर ती मोजतच नाहीत.

पहिल्या दोन पत्रिका १६६५ साली निघाल्या : जानेवारीत पॅरिसला दनी द सालो यांची ‘जुर्नाल दे सावां’ आणि मार्चमध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांची ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. दुसरी आजही चालू आहे. काय छापायचे ते ओल्डनबर्ग स्वतःच ठरवत. १७५२ मध्ये सोसायटीने ही निवड एका समितीकडे सोपवली आणि १८३० च्या दशकात निबंध जाणकार सभासदांकडे लेखी अभिप्रायासाठी पाठवण्याची रीत सुरू केली. ती सगळीकडे रुळायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. १८६९ मध्ये निघालेल्या ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी सक्तीची केली ती १९७३ साली. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध परीक्षकांकडे गेलाच नव्हता.

नव्या रीतीचा आइन्स्टाइन यांना बसलेला धक्का सांगण्यासारखा आहे. १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वात असू शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि परीक्षकाने सविस्तर आक्षेप नोंदवले. आइन्स्टाइन रागावले. निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी कुणाला दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, असे कळवून त्यांनी तो परत मागितला. पुढे तोच निबंध १९३७ मध्ये दुसऱ्या पत्रिकेत आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. दरम्यान चूक त्यांच्या ध्यानात आणून दिली गेली होती. ते परीक्षक हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन होते, हे २००५ मध्ये प्रकाशात आले. त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या आणि त्याचा निबंध २०१६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्याच घराण्यातल्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा याच लहरींसाठी आहे. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शास्त्रज्ञालाही नियम तोच, हे टेट यांनी दाखवले. संपादकाचे काम म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

निबंधाचा प्रवास

पत्रिकेकडे आलेला निबंध आधी संपादक वाचतो. विषय पत्रिकेचा आहे का, त्यात नवे काही आहे का, मजकूर उचललेला तर नाही ना, एवढे पाहून बरेच निबंध याच पायरीवर साभार परत जातात. नामांकित पत्रिकांत तर बहुसंख्य निबंध परीक्षकांपर्यंत पोचतच नाहीत. उरलेल्यांसाठी संपादक दोन-तीन परीक्षक शोधतो. खरे कौशल्य इथे लागते. परीक्षक विषयातला हवा, पण लेखकाचा सहकारी किंवा कट्टर प्रतिस्पर्धी नको. त्याला वेळ हवा आणि लिहिण्याचा कंटाळा नको. या कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. अभिप्राय आल्यावर त्यांची बेरीज करून चालत नाही. एक परीक्षक ‘छापा’ म्हणतो, दुसरा ‘नको’ म्हणतो, तेव्हा कुणाचा मुद्दा पक्का आहे हे संपादकालाच ठरवावे लागते. लेखक दुरुस्त्या करतो, प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर देतो, निबंध पुन्हा परीक्षकांकडे जातो. अशा दोन-तीन फेऱ्यांत कित्येक महिने जातात.

परीक्षकाला लेखक माहीत पण लेखकाला परीक्षक अज्ञात, ही जुनी पद्धत. काही पत्रिका दोघांचीही नावे झाकतात, तर काही अभिप्राय निबंधासोबतच प्रसिद्ध करतात. नावे झाकण्याची गरज का भासली, ते पीटर्स आणि सेसी यांच्या १९८२ च्या प्रयोगावरून कळते. मानसशास्त्रातले आधीच छापून आलेले १२ निबंध त्यांनी लेखकांची आणि संस्थांची खोटी नावे घालून ज्या त्या पत्रिकेकडेच परत पाठवले. तीनच ठिकाणी ओळख पटली. राहिलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि नाकारताना संशोधनाच्या पद्धतीतच दोष असल्याचे सांगितले गेले.

परीक्षण ही चाळणी आहे आणि तिची भोके मोठी आहेत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या संपादकांनी एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरून तो आपल्या ४२० परीक्षकांकडे धाडला. २२१ जणांनी अभिप्राय दिला. सरासरीने त्यांना आठांपैकी दोनच उणिवा दिसल्या. हा प्रयोग पत्रिकेने स्वतःवरच केला आणि त्याचा निकाल १९९८ मध्ये प्रसिद्ध होऊ दिला, याचे मोल मला त्या आकड्यांहून जास्त वाटते.

म्हणून चांगल्या पत्रिका एकट्या परीक्षणावर विसंबत नाहीत. वैद्यकीय पत्रिका संख्याशास्त्रज्ञाकडून वेगळी तपासणी करून घेतात. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या सगळ्या प्रतिमा फेरफारासाठी तपासायला सुरुवात केली. त्याची गरज किती होती, ते एलिझाबेथ बिक यांच्या २०१६ च्या पाहणीने दाखवले : ४० पत्रिकांतल्या २०,६२१ निबंधांपैकी सुमारे ३.८ टक्के निबंधांत प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून औषधचाचण्यांची आगाऊ नोंदणी बंधनकारक केली. चाचणी फसली की गुपचूप दडपायची, ही वाट त्यामुळे अरुंद झाली. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली.

संपादकाचे स्वातंत्र्य

पत्रिकेची मालकी एखाद्या संस्थेकडे किंवा प्रकाशन कंपनीकडे असते. काय छापायचे तो निर्णय संपादकाचा. ही रेघ पुसली गेली की विश्वास ढासळतो. १९९९ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या वैद्यकीय पत्रिकांत हा संघर्ष उघडा पडला. ‘जामा’चे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना अमेरिकन मेडिकल असोसिएशनने काढून टाकले आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे जेरोम कॅसिरर यांना पद सोडावे लागले. पत्रिकेचे नाव इतर प्रकाशनांवर वापरण्यास कॅसिरर यांचा विरोध होता. अलीकडे उलट बाजूने उठाव होतो. लेखकांकडून घेतले जाणारे शुल्क अवाजवी आहे, म्हणून २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या संपादक मंडळाने एकत्र राजीनामे दिले आणि ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ ही नवी पत्रिका काढली. नाव कंपनीकडे राहिले, माणसे निघून गेली.

चूक मान्य करणे

‘लॅन्सेट’ १८२३ पासून निघते. फेब्रुवारी १९९८ मध्ये तिने अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एकत्रित लशीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी सूचित केला होता. २००४ मध्ये पत्रकार ब्रायन डिअर यांनी त्यामागचे आर्थिक हितसंबंध उघड केले आणि बहुतेक सहलेखकांनी तो अर्थ मागे घेतला. पत्रिकेने निबंध पूर्णपणे मागे घेतला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण घटून गोवर पुन्हा डोके वर काढू लागला होता. जून २०२० मध्ये कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध देण्यावरचा निबंध मात्र त्याच पत्रिकेने दोन आठवड्यांत मागे घेतला, कारण सर्जिस्फिअर या कंपनीने पुरवलेली माहिती कुणालाच पडताळता येईना. दोन्ही वेळा परीक्षण चुकले होते. पण दुसऱ्या वेळी दुरुस्तीला दिवस लागले, वर्षे नाहीत.

निबंध मागे घेणे हा पत्रिकेवरचा डाग समजला जातो. हा समज मला घातक वाटतो, कारण त्यामुळेच संपादक टाळाटाळ करतात. २०१० पासून ‘रिट्रॅक्शन वॉच’ हे संकेतस्थळ अशा घटनांची नोंद ठेवते. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोप’ या समितीची मार्गदर्शक तत्त्वे बहुतेक मोठ्या पत्रिका मानतात : कारण लिहा, निबंध गायब करू नका, त्यावर ठळक खूण करा. डाग खरा लागतो तो चाळणीच नसल्याचे उघड झाल्यावर. हिंदावी या प्रकाशनाने २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. पाहुण्या संपादकांकडे सोपवलेल्या विशेषांकांतून पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या टोळ्या आत शिरल्या होत्या. ती विकत घेतलेल्या वायली कंपनीने अखेर हिंदावी हे नावच बंद करायचे ठरवले.

प्रभावांक

पत्रिकेची पत आकड्यात सांगण्याची सोय यूजीन गारफील्ड यांनी केली. कुठला निबंध कुणी आधाराला घेतला याची सूची बनवण्याची कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली. १९७५ पासून पत्रिकांचे वार्षिक प्रभावांक, म्हणजेच इम्पॅक्ट फॅक्टर, प्रसिद्ध होऊ लागले. हिशोब सोपा आहे. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा चालू वर्षात किती वेळा संदर्भ दिला गेला, त्या संख्येला त्या निबंधांच्या संख्येने भागायचे. ग्रंथपालांना कोणत्या पत्रिका घ्याव्यात हे ठरवायला हा आकडा उपयोगी होता. पुढे त्यावरून माणसांच्या नेमणुका होऊ लागल्या आणि घोटाळा झाला.

सरासरी किती फसवी असते, याचा दाखला ‘अ‍ॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाने दिला. तिचा प्रभावांक दोनच्या आसपास असे. २००९ चा आला ४९.९. कारण एकच होते : स्फटिकरचना काढण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीवरचा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ चा निबंध. बाकीचे निबंध होते तसेच होते. वैज्ञानिकांचे मूल्यमापन या आकड्यावरून करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला. जीवशास्त्राच्या ‘ईलाइफ’ या पत्रिकेने २०२३ पासून स्वीकार-नकार हा निर्णयच काढून टाकला आणि परीक्षकांचे मत निबंधासोबत छापायला सुरुवात केली. तिला मिळणारा प्रभावांक त्यानंतर बंद झाला. निबंध पाठवणाऱ्या तरुण संशोधकाला त्याची किंमत मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

भारतातील स्थिती

सी. व्ही. रामन यांनी आपला शोध ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये ३१ मार्च १९२८ च्या तारखेने छापला. ही पत्रिका कोलकात्याला १९२६ मध्ये त्यांनीच सुरू केली होती. निबंधाच्या प्रती त्यांनी जगभरच्या भौतिकीतज्ज्ञांना टपालाने धाडल्या. दोन वर्षांनी नोबेल पारितोषिक आले. पत्रिका दोन वर्षांची होती. वजन निबंधात होते. १९३२ मध्ये बंगळुरूला ‘करंट सायन्स’ निघाले, १९३३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचे ‘संख्या’. मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांनी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवले आहे. वैद्यकीय नीतिशास्त्राची पत्रिकाही मुंबईतूनच १९९३ पासून निघते.

याच देशात बोगस जर्नलांचे पीकही जोमात आले. पीएच.डी.साठी निबंध छापणे सक्तीचे झाले, बढतीसाठी गुण मोजले जाऊ लागले, आणि काही हजार रुपयांत चार दिवसांत निबंध ‘आंतरराष्ट्रीय’ अंकात छापून देणारे उभे राहिले. अशा पत्रिका आयएसएसएन क्रमांक मिरवतात. तो केवळ ओळखक्रमांक असतो, गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची जी यादी केली, तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीने यातल्या अनेक घुसल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या शिफारशींतल्या पत्रिकांची नमुना तपासणी केली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाल्या. कित्येकांचा पत्ता आणि संपादकांची नावेही धड नव्हती. हा अभ्यास २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये आला. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या, आणि २०१९ मध्ये मान्य पत्रिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली. तिचे विश्लेषण-केंद्र पुणे विद्यापीठातच होते. पुढे यादीतल्या खऱ्या पत्रिकांच्या नावाची हुबेहूब संकेतस्थळे काढून पैसे उकळणारे निघाले आणि केंद्राला नकली पत्रिकांची वेगळी यादी ठेवावी लागली. पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती २०२२ मध्ये उठली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि पत्रिका पारखण्याचे काम संस्थांवर सोडले. मार्गदर्शनासाठी निकष सुचवले आहेत. तयार यादी हाती नसताना महाविद्यालयातल्या समितीला पत्रिका उघडूनच पाहावी लागेल : संपादक मंडळातली माणसे त्या त्या संस्थेत खरोखर आहेत का, शुल्क आधीच स्पष्ट लिहिले आहे का, जुन्या अंकांत कुठे दुरुस्ती किंवा मागे घेतल्याची सूचना दिसते का, आणि निबंधाच्या पहिल्या पानावर छापलेल्या ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ या दोन तारखांमध्ये कुणी तो वाचायला पुरेल एवढे अंतर आहे का.