आमिषाभोवतीचा एक तास

मासे मोजायचे तर पाण्यात उतरावं, हे कुणालाही सुचेल. पण पाणबुड्याचे बुडबुडे ऐकून काही मासे दूर सरकतात, काही उलट बघायला जवळ येतात. शिवाय तीसेक मीटरच्या खाली नेहमीच्या टाकीवर फार वेळ थांबता येत नाही. म्हणून माणूस वर राहतो आणि कॅमेरा खाली जातो.

साधन अगदी साधं आहे. धातूचा वजनदार सांगाडा, पाणी न शिरणाऱ्या डब्यांतले कॅमेरे, समोर मीटर-दीड मीटर लांब दांडी आणि तिच्या टोकाला जाळीची पिशवी. पिशवीत किलोभर ठेचलेली तारली किंवा तसलाच तेलकट मासा. ठेचल्यामुळे तेल आणि रस हळूहळू सुटत राहतो आणि प्रवाह तो वास दूरवर नेतो. सांगाडा दोरीने तळाशी सोडतात, वर बोया तरंगतो, होडी बाजूला होते. चित्रण बहुधा तासभर चालतं. एकच मासा दोन सांगाड्यांवर हजेरी लावू नये म्हणून त्यांच्यात काहीशे मीटर अंतर ठेवतात.

खरी मेख मोजणीत आहे. बाराव्या मिनिटाला तीन हेकरू दिसले, चाळिसाव्या मिनिटाला पाच, पुढे पुन्हा दोन. एकूण किती? दहा म्हणता येत नाही, कारण तोच मासा चौकटीबाहेर जाऊन परत आलेला असू शकतो. म्हणून एकाच क्षणी, एकाच चौकटीत त्या जातीचे जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा धरतात: पाच. प्रत्यक्षात मासे याहून जास्त असतील, कमी नक्कीच नाहीत. मला या पद्धतीत सर्वांत भावतो तो हाच संयम.

कॅमेरे दोन असतील तर लांबीही कळते. आपल्या दोन डोळ्यांसारखे ते किंचित आत वळवून बसवतात. दोन्ही चित्रांत माशाचं तोंड आणि शेपटीची खाच टिपली की संगणक अंतर आणि लांबी काढून देतो. मासेमारीत आधी मोठे मासे जातात, त्यामुळे संख्या तितकीच राहून लांबी घटली तरी ती धोक्याची खूण असते.

आणि माशांमागचा तळ? तोही त्याच चौकटीत आलेला असतो. जिवंत प्रवाळ किती, वाळू किती, स्पंज, शैवाल, समुद्रगवत किती, तळ सपाट की कपारींचा, हे त्याच चित्रावरून नोंदवतात. मग अमुक मासा कशाच्या आसऱ्याने राहतो ते दिसू लागतं.

आमिषाला शिकारी मासे जास्त भुलतात आणि कपारीत दडणारे इवले जीव निसटतात, हा या पद्धतीचा कल आहे. वास किती दूर पोचला हेही प्रवाहावर ठरतं. म्हणून आकडे तुलनेसाठी वापरायचे, त्यावरून समुद्रातले एकूण मासे काढायचे नाहीत.

तुलनेची ताकद 2020 मध्ये दिसली. 58 देशांतल्या 371 प्रवाळ खडकांवर असेच कॅमेरे सोडले होते. जवळजवळ पाचातल्या एका खडकावर एकही शार्क चित्रणात आला नाही. एखादा कुठे उरलाही असेल, पण शिकारी म्हणून त्या खडकावर त्याचं अस्तित्व जवळपास संपलेलं. रिकामी चौकट ही अशी नोंद ठरते. शिवाय चित्रण जपून ठेवलेलं असतं. आज माशांसाठी पाहिलेला तास उद्या दुसरं कुणी प्रवाळाची अवस्था तपासायला पुन्हा उघडू शकतं.