समुद्राची फाइल उघडताना

आर्गो फ्लोटची फाइल पहिल्यांदा उतरवून घेतली आणि सवयीने तिच्यावर डबल-क्लिक केलं, तेव्हा संगणकाने उलट मलाच विचारलं, ही कशाने उघडू? नोटपॅडमध्ये उघडली तर चिन्हांचा नुसता चिवडा. फाइल बिघडलेली नव्हती. ती नेटसीडीएफ प्रकारची होती आणि त्या प्रकारात आकडे माणसाला वाचता येतील असे लिहिलेलेच नसतात.

हे आकडे येतात कुठून, ते आधी पाहू. आर्गो हा जगभरच्या समुद्रांची मोजमापं घेणारा प्रकल्प, आणि त्याचा फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचं, डोक्यावर अँटेना असलेलं एक नळकांडं. ते १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतं. साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारतं आणि तिथून वर येताना दाब, तापमान आणि क्षारता मोजत येतं. पृष्ठभागावर पोचलं की उपग्रहाला हिशेब देऊन पुन्हा खाली. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे ४००० फ्लोट आहेत. आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, हे काम पाहतं. सगळी माहिती कुणालाही फुकट मिळते.

एका बुडीत मिळालेल्या आकड्यांच्या उभ्या रांगेला प्रोफाइल म्हणतात. ती वाचायला मी ओशन डेटा व्ह्यू, म्हणजे ओडीव्ही वापरतो. जर्मनीत ब्रेमरहाफेनला आल्फ्रेड वेगेनर संस्था आहे (खंड सरकतात असं सांगणारे ते हेच वेगेनर). तिथल्या राइनर श्लिट्झर यांनी हे सॉफ्टवेअर घडवलं. बिगरव्यापारी कामासाठी ते मोफत आहे. त्याच्या इम्पोर्ट मेनूत आर्गोच्या फाइलींसाठी वेगळी सोय आहे. तिथून फाइली आत घेतल्या की नकाशावर ठिपके उमटतात. एक ठिपका म्हणजे एक प्रोफाइल. ओडीव्ही त्याला ‘स्टेशन’ म्हणतं. हा शब्द जहाजांच्या काळातला. जहाज एका जागी थांबायचं, दोरीने उपकरण खाली सोडायचं, त्या थांब्याला स्टेशन म्हणत. फ्लोट कुठेच थांबत नाही, पण नाव तेच राहिलं.

आता निवड. नकाशावर चौकट ओढून ठिपके वेगळे करता येतात, वर्षं आणि महिनेही ठरवता येतात. नवख्याने दोन ठिपके निवडावेत, एक अरबी समुद्राच्या मध्यावरचा आणि एक उत्तर बंगालच्या उपसागरातला. दोन्ही पावसाळ्यानंतरचे. आलेख वरून खाली वाचायचा, शून्य वर आणि खोली खाली. उभ्या अक्षावर मीटर न दिसता डेसिबार दिसले तर गडबडू नये. फ्लोटला खोली कळत नाही, दाब कळतो. एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर पाणी.

अरबी समुद्रात वरच्या पाण्याची क्षारता ३६ च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात ढोबळमानाने ३६ ग्रॅम क्षार. तिथे बाष्पीभवन जास्त आणि नद्यांचं पाणी कमी. उपसागराच्या उत्तरेला हाच आकडा ३० च्याही खाली गेलेला दिसू शकतो, कारण गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचं गोडं पाणी तिथे येऊन पडतं. ते हलकं असल्याने तवंगासारखं वरच राहतं. गंमत पुढेच आहे. तापमानाची रेघ आणि क्षारतेची रेघ शेजारी ठेवा. क्षारता थोड्याशा खोलीवरच एकदम वाढू लागते, तापमान मात्र त्याच्याही खाली बराच वेळ उबदारच राहतं. या दोन वळणांमधल्या पट्ट्याला बॅरियर लेयर म्हणतात. चक्रीवादळाने पाणी घुसळलं तरी या पट्ट्यामुळे खालचं गार पाणी सहज वर येत नाही आणि वादळाला ऊब मिळत राहते. दोन रेघांमधलं एवढंसं अंतर, पण पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा मला ते इथे जास्त पटलं.

मात्र रेघ दिसली म्हणून ती खरी आहे असं नाही. प्रत्येक आकड्याला एक शेरा जोडलेला असतो. १ म्हणजे चांगला, २ म्हणजे बहुधा चांगला, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. जिथे आकडाच नाही तिथे शेरा ९ आणि रिकामी जागा भरायला ९९९९९. हे न बघता कुणी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने सरासरी काढली की समुद्र सूर्यापेक्षाही तापलेला निघतो. तो निदान हसण्यावारी जातो. खरा धोका किंचित चुकलेल्या आकड्याचा.

२००६ साली जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या समुद्रशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की २००३ ते २००५ या काळात जगाच्या समुद्राचा वरचा थर थंड झाला. बातमी मोठी होती आणि हवामानबदल न मानणाऱ्यांनी ती उचलून धरली. २००७ मध्ये त्याच लेखकांना दुरुस्ती द्यावी लागली. काही फ्लोटांची तापमानं चुकीच्या दाबाशी जोडली गेली होती. समुद्र खोल जाल तसा गार होतो, त्यामुळे खालचं तापमान वरच्या खोलीच्या नावावर पडलं की समुद्र थंड दिसणारच. शिवाय जहाजांवरून टाकायची जुनी उपकरणं थोडी जास्त ऊब दाखवत होती आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांची जागा फ्लोट घेत होते. मोजणारे बदलले आणि वाटलं की समुद्रच बदलला. चूक कबूल करणारे तेच होते, हे मला या गोष्टीत सगळ्यांत आवडतं.

म्हणून फाइल निवडताना तिच्या नावाचं पहिलं अक्षर बघावं. ‘आर’ असेल तर आकडे ताजे आहेत, फक्त संगणकाच्या चाळणीतून गेलेले. ‘डी’ असेल तर तज्ज्ञांनी ते शेजारच्या आणि जुन्या मोजमापांशी ताडून पाहिलेत. क्षारता मोजणारं उपकरण वर्षानुवर्षं पाण्यात राहून हळूहळू बहकतं आणि ते या तपासणीत पकडलं जातं. तपासलेली क्षारता त्याच फाइलीत वेगळ्या स्तंभात असते, मूळ आकडे पुसले जात नाहीत. हा आर्गोवाल्यांचा शहाणपणा. पण घाईत हात मूळ स्तंभाकडेच जातो, कारण त्याचं नाव आखूड आहे. वादळाची आजची स्थिती बघायची तर ‘आर’ चालेल, ‘डी’ तयार होईपर्यंत थांबायचा धीर कुणाला नसतो. वीस वर्षांत क्षारता किती बदलली हे बघायचं तर ‘डी’लाच पर्याय नाही.

जाता जाता एक घरगुती सूचना. ओडीव्हीत केलेलं काम साठवलं की एक ओडीव्ही फाइल आणि तिच्या जोडीला ‘डेटा’ नावाचं फोल्डर तयार होतं. आकडे असतात फोल्डरमध्ये. मी एकदा एका व्याख्यानाला नुसती फाइलच पेनड्राइव्हवर घेऊन गेलो आणि बंगालचा उपसागर फळ्यावर खडूने काढून दाखवला.